फाटणारा कागद

अप्पा, तुमचं कार्ड साध्या पातळ कागदावर छापलं. वडवणीहून छापखानेवाले गफूरभाई स्वतः मजकूर घ्यायला आले होते. म्हणाले, "वहिनी, आप्पाचं कार्ड हाय. जरा भारीतला कागद लावू का?" मी म्हणाले, "वाचून झाल्यावर एका बोटानं फाटेल असा जो असेल तो लावा." ते मान हलवून गेले. या बाबतीत त्यांना जास्त सांगायची गरज नव्हती.

काल तुमची शिवगणाराधना झाली, तुमच्या मागचं शेवटचं जेवण. पंगती उठल्या, पाहुणे आपापल्या गाड्यांना लागले, आणि आज मी मोंढ्यातलं दुकान उघडून तुमच्या खुर्चीवर बसलेय. सासूबाई म्हणाल्या, थोडे दिवस बंद राहू दे. पण घरात बसून मी करू काय? तिथं येणारी प्रत्येक बाई आधी तुमच्यासाठी रडते आणि मग माझ्याकडे बघून माझ्यासाठी रडते. इथं निदान कागदाचे गठ्ठे आहेत. ते गप्प असतात.

काल जो तो म्हणत होता, आप्पांनी सुनेला लेकीसारखं वागवलं. लेकीशी कुणी एवढं भांडतं का? तुम्ही माझ्याशी जेवढे भांडलात तेवढे तर सासूबाईंशीही उभ्या जन्मात भांडला नसाल. गेल्या आठवड्यात दम लागून बोलता येईना, तरी हातानं खूण करून मला खोटं पाडत होतात. ते भांडण अर्धवट टाकून गेलात, म्हणून हे लिहायला बसले.

मला या धंद्यात आणलं ते कंपनीच्या त्या सर्व्हेनं. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जिचा कागद आपण जिल्ह्यातल्या छापखान्यांना पुरवायचो, त्या कंपनीचे साहेब पुण्याहून गाडी घेऊन आले. तेव्हा जो उठेल तो बाजार खुला झाला, बाजार खुला झाला म्हणत होता. साहेबही तेच म्हणाले. आता परदेशातून कागद येणार, आपल्याला काहीतरी नवं काढलं पाहिजे. मग त्यांनी बॅगेतून एक ताव काढून तुमच्या हातात दिला आणि म्हणाले, फाडा. तुम्ही ओढलात, पिळलात, शेवटी गुडघ्याखाली धरून ताणलात. फाटला नाही. कागदावर प्लास्टिकचा पातळ थर होता. साहेब खूश झाले. म्हणाले, छापखानेवाल्यांना काय हवं, काय नको, ते सगळीकडे फिरून विचारा. त्यावरून आम्ही जाहिरात उभी करणार. आणि इंग्रजी प्रश्नांचा एक गठ्ठा टेबलावर ठेवून गेले.

शिवानं, म्हणजे तुमच्या मुलानं आणि माझ्या नवऱ्यानं, ते प्रश्न बघितले आणि माल पोचवायचाय म्हणत टेम्पो काढला. त्याला कितीही लांब माल पोचवायला सांगा, शीळ घालत जायचा. चार ओळी लिहायला सांगा, लगेच डोकं दुखायचं. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं. मग तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "सूनबाई, तू बीकॉम हायेस नव्हं? चल माझ्यासंगं." सासूबाईंची भाकरी तव्यावर तशीच करपली.

त्या फेऱ्या मला आत्ता दिसतात. एसटीत तुम्ही मला खिडकीजवळ बसवायचा आणि स्वतः मध्ये पिशवी ठेवून दांडीला धरून बसायचा. पहिल्या दिवशी मी पदर डोक्यावरून सोडला नाही, आणि प्रश्नही खाली मान घालून वाचले. तुम्हाला काय अडचणी आहेत? तुम्हाला कोणत्या प्रकारच्या कागदाची गरज भासते? समोरचा प्रेसवाला माझ्याकडे न बघता तुमच्याकडे बघून म्हणाला, "आमाला काय कमी हाय आप्पा? समदं बेस हाय. च्या घ्या." दुसऱ्यानं तेच सांगितलं. तिसऱ्याच्या मशीनवर ऊन पडू नये म्हणून पोतं बांधलेलं, कंपोझ करायचे खिळे झिजून अक्षरं आंधळी झालेली, आणि म्हणे समदं बेस हाय. दारात आलेल्या पाहुण्याला आपली नड सांगायची नाही, ही आपल्याकडची रीत. कंपनीला ती माहीत नव्हती. कोऱ्या प्रश्नांचा गठ्ठा घेऊन आपण परत आलो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला प्रश्न वाचूच दिले नाहीत. लिंबागणेशला देवळाजवळ पावत्या आणि लग्नपत्रिका छापणाऱ्या त्या म्हाताऱ्याकडे बसलात आणि सुरुवातच अशी केलीत, "मागच्या खेपेला मी दिलेला कागद लई भिकार होता, न्हाई का?" म्हातारा आधी नाही नाही म्हणाला. मग हळूच म्हणाला, भिकार न्हाई, पण जरा... आणि मग तासभर थांबेना. कागद दमट येतो. कडा दुमडतात. आणि मुख्य म्हणजे, भारीतल्या गुळगुळीत पत्रिकेला कोपऱ्यावर हळद-कुंकू लावलं की ते बसत नाही, ओघळतं. "पत्रिका उघडली की कुकू नावावर सांडल्यालं. बघितल्यावर जीव चरकतो माणसाचा." मी भराभर लिहीत होते. पुण्याच्या साहेबांना हे स्वप्नातही सुचलं नसतं.

परतीच्या गाडीत मी तुमच्याशी पहिल्यांदा भांडले. म्हटलं, अप्पा, असं विचारलं तर उत्तर तुमचंच येतं. हा सर्व्हे झाला का? तुम्ही म्हणालात, "मग तुझे प्रश्न वाच की. च्या पिऊन ये." मी म्हणाले, दोन्ही पद्धतीनं विचारू आणि ताडून बघू. आख्ख्या गाडीत लोक माना वळवून बघत होते, कोण बाई सासऱ्याला उलट बोलतेय. बीडच्या स्टँडवर उतरताना तुम्ही मला सूनबाई न म्हणता राजी म्हणालात. माझं राजेश्वरी हे नाव त्या घरात तोवर शिवाशिवाय कुणी घेतलं नव्हतं.

वडवणीला गफूरभाईंकडे बाजाराचा दिवस गाठून गेलो. नमुन्याचा न फाटणारा गठ्ठा तुम्ही त्यांच्या टेबलावर ठेवलात. त्यांनी एक ताव घेतला, ओढला, हसले. म्हणाले, "माल उमदा हाय आप्पा. शादीच्या कार्डाला चालंल. पण मौतीच्या कार्डाला न्हाई चालायचा."

"कावून?" तुम्ही विचारलंत.

"लोक फाडणार कसं?"

सगळे हसले. आपल्याकडे मौतीचं कार्ड आलं की वाचायचं आणि उंबऱ्याबाहेरच फाडून टाकायचं. ते घरात रात्र काढत नाही. मी हे लिहायला घेतलं तर तुम्ही माझा हात धरलात. "ते लिहू नको. चालत्या धंद्यात मौतीचं नाव नको." मी म्हटलं, अहो पण हीच तर गरज आहे, कंपनीनं हेच विचारलंय. तुम्ही डोळे वटारलेत. मी पेन खाली ठेवलं. गफूरभाईंनी तो नमुन्याचा गठ्ठा कपाटात वर ठेवला. म्हणाले, माझ्या मुमताजच्या शादीचं कार्ड यावर छापीन, तोवर याला कुणी हात लावायचा न्हाई.

आणखी काही छापखाने बाकी होते. परळीकडचे तुम्ही पुढच्या आठवड्यावर ठेवलेत. त्या आठवड्यात शिवा गेला.

मांजरसुंब्याच्या घाटात टेम्पो उलटला. मागं कागद भरलेला होता. रस्ताभर कोरा कागद पसरला होता, असं ज्यांनी पाहिलं ते सांगतात. मी पाहिला नाही, मला कुणी तिथं नेलं नाही. तुम्ही गेला होता. काय पाहिलंत, तो बोलला का, कुणाचं नाव घेतलं का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही आणि तुम्ही कधी सांगितलं नाही. रोज वाटायचं, आज विचारू. दुकानात तुमच्यासमोर बसून मी तुम्हाला हजार गोष्टींवरून टोकलं, पण एवढं एक विचारायला जीभ उचलली नाही. आता ते कायमचं तुमच्याबरोबर गेलं.

बातमी कळली तसे गफूरभाई रडत आले. म्हणाले, कार्ड मी छापणार, दुसऱ्या कुणाच्या हातात मजकूर द्यायचा नाही. आपण कुणी शुद्धीवर नव्हतो, हो म्हणालो. आणि त्या भल्या माणसानं काय केलं? आप्पांच्या शिवाचं कार्ड हलक्या कागदावर कसं छापायचं, म्हणून मुलीच्या लग्नासाठी जपून ठेवलेला तो गठ्ठा खाली काढला.

जिल्हाभर कार्डं गेली. वर शिवाचा लग्नातला फोटो, खाली कैलासवासीऐवजी लिंगैक्य लिहून त्याचं नाव, आणि सगळ्यात खाली कळवणारे म्हणून तुमचं. त्या कागदावर शाई लवकर वाळत नव्हती, त्यामुळे ज्यानं ज्यानं हातात घेतलं त्याच्या अंगठ्याला काळं लागलं. लोकांनी वाचलं, रीतीप्रमाणे फाडायला गेले, आणि फाटेना. बायकांनी दातात धरून बघितलं. कुणी चुलीत घातलं तर ते जळण्याऐवजी आक्रसून काळा गोळा झालं आणि घरभर वास सुटला. कुणी विहिरीत टाकलं तर ते तरंगत राहिलं आणि पाण्याला आलेल्या बाया किंचाळत परत फिरल्या. हे सगळं आपल्या कानावर येत होतं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपून असायचा.

काही महिन्यांनी दुकानावर साहेबांचा फोन आला. झाल्या प्रकाराचं वाईट वाटतं म्हणाले, आणि राहिलेली माहिती कधी मिळेल असंही म्हणाले. दुसरा कुणी असता तर फोन आपटला असता. तुम्ही घरी आलात, परत तसेच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात. "राजी, चल. अर्धं काम राहिलंय." भावकीतले लोक काय काय बोलले ते मला नंतर कळलं. विधवा सुनेला गावोगाव हिंडवतो म्हणे. तुम्ही ते माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही. अप्पा, त्या दिवशी तुम्ही मला बाहेर काढलं नसतं तर मी त्या स्वयंपाकघरातच संपले असते. हे तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं, पण तुम्ही लगेच म्हणाला असता, मग माझं ऐक की.

त्या फेरीत आपण प्रश्न विचारायला जायचो आणि प्रेसवाल्यांची नजर इकडे तिकडे पळायची. कारण शिवाचं कार्ड प्रत्येकाकडे होतं. त्यांना ते ठेवताही येत नव्हतं आणि टाकताही. कुणी मशीनच्या पायाखाली सरकवलेलं, कुणी पत्र्यात खोचलेलं. लिंबागणेशच्या म्हाताऱ्यानं सरळ तुमच्या हातात दिलं. "आप्पा, राग मानू नका. तुमचं तुमी न्या. फाटंना, आन् घरात ठिवता येईना." तुम्ही ते घेऊन घडी घातलीत आणि कोटाच्या खिशात ठेवलंत. दुसऱ्यानं बघितलं, त्यानंही काढून दिलं. मग जिथं जाऊ तिथं देऊ लागले. तुमचा खिसा फुगत चालला होता आणि तुम्ही प्रत्येकाला विचारत होता, बाकी कागदाचं काय म्हणता?

वडवणीला गफूरभाईंनी आपल्याला बघितलं आणि मशीन बंद केलं. "मला माफी करा आप्पा," ते म्हणाले. "मला वाटलं, भारीतलं भारी लावावं." तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवलात. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "राजी, लिही. बीड जिल्ह्यातल्या छापखान्यांना फाटणारा कागद पायजे. मौतीच्या कार्डासाठी. लिहिलंस? वाचून दाखव." मी वाचून दाखवलं.

साहेबांनी ते वाचलं आणि मला म्हणाले, वहिनी, इथं तुम्ही उलटं लिहिलंत. त्यांनी स्वतःच्या पेनानं दुरुस्त केलं. तुम्ही समजावून सांगायला गेलात तर ते घड्याळ बघायला लागले. पुढं ती मोठमोठी पोस्टरं आली. लालभडक लंगोटातला एक पैलवान, गळ्याच्या शिरा ताणून कागद ओढतोय, आणि वर लिहिलेलं, ओढा, ताणा, फाटणार नाही. कंपनीच्या माणसानं त्यातलं एक आपल्या शटरला चिकटवलं. तुम्ही नको म्हणाला नाहीत, धंदा होता. रोज सकाळी शटर वर ढकललं की पैलवान गुंडाळला जायचा आणि रात्री परत खाली यायचा. मी तुम्हाला रोज शटर ओढताना बघायचे. त्याच्या तोंडाकडे तुम्ही कधी बघितलं नाहीत.

मग कपिलधार. मला वाटलं होतं, दर्शनाला नेताय. धबधब्याला पाणी जेमतेम होतं. दर्शन झाल्यावर तुम्ही खाली दगडावर बसलात, खिशातून कार्डांचा तो जुडगा काढला आणि दुसऱ्या खिशातून कात्री. म्हणालात, "नुसतं वढून फाटत न्हाई ते. कडेला एक टोचा द्यायचा. मग फाटतं." आणि एकेक कार्डाला टोचा देऊन, हातानं फाडून, तुकडे मांडीवर ठेवत गेलात. प्रत्येकावर शिवाचा तोच फोटो. मी म्हटलं, सगळी एकदम कापून टाका ना. "कापणं म्हंजे फाडणं न्हाई," तुम्ही म्हणालात. शेवटचं एक राहिलं ते माझ्यापुढे धरलंत.

"हे तू फाड."

मी ते घेतलं आणि पर्समध्ये टाकलं.

तेव्हा तुम्ही अंबाजोगाईच्या मास्तरांचं स्थळ काढलंत. बायको वारलेली, माणूस शांत, शाळेत कायम नोकरी. मी भडकले. म्हटलं, मला घराबाहेर काढताय? तुम्ही म्हणालात, "काढत न्हाई पोरी. मोकळी करतोय. कार्ड न फाडता ठिवलं तर माणूस अडकून राहतो." मी म्हटलं, राहू दे अडकून. गेलेला परवडला की अडकलेला? तुमच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी तिथून उठून पायऱ्या चढून वर गेले. खाली वळून बघितलं तर तुम्ही तुकडे गोळा करत होता, वाऱ्यानं उडालेला एक तुकडा धरायला कंबरेतून वाकलेले.

त्यानंतर तेच भांडण. दुकान झाडताना, हिशेब करताना, जेवायला बसताना. फाडलंस का? नाही. मास्तर अजून थांबलेत. थांबू देत. तुम्ही माझं भलं बघत होता हे मला कळत होतं, अप्पा, मी काही दगड नाही. पण तुम्ही म्हणाल तेव्हा फाडायचं, तुम्ही दाखवाल त्या दारातून जायचं, हे मला जमणारं नव्हतं. तुम्हीच मला उलट बोलायची सवय लावली होती. आणि खरं सांगू? ते कार्ड पर्समध्ये होतं तोवर तुम्हाला रोज माझ्याशी बोलायला काहीतरी होतं. शिवाचं नाव घेऊन बोलायला त्या घरात दुसरं काहीच उरलं नव्हतं.

काल मास्तर आले होते. पंगतीत ताक वाढत होते. जाताना त्यांनी मंडपाच्या दाराशी तुमचं कार्ड खिशातून काढलं, पुन्हा एकदा वाचलं आणि रीतीप्रमाणे फाडलं. मी समोरच उभी आहे हे मग त्यांच्या लक्षात आलं. फार कानकोंडे झाले. तुकडे मुठीत धरून म्हणाले, "आप्पा मला कपिलधारच्या दर यात्रेला भेटायचे. कधी घाई केली नाही." त्यांचं काय, ते आत्ता विचारू नका. ठरलं तर माझं मी ठरवीन.

आज दुपारी दुकानात कुणी नव्हतं. तुमच्या ड्रॉवरमधली कात्री काढली, शिवाच्या कार्डाच्या कडेला एक टोचा दिला आणि दोन्ही हातांनी ओढलं. सरळ फाटत गेलं, त्याच्या कपाळावरून, नावावरून, खाली पार तुमच्या नावापर्यंत. इतकं सोपं होतं याचाच मला आधी राग आला. मग मी तुमच्या खुर्चीवर बसून खूप रडले, त्याच्यासाठी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा फक्त त्याच्यासाठी. रडून झाल्यावर मान वर केली, की आता तुम्ही म्हणाल, झालं ना? समोर गठ्ठे होते.

तुकडे कपिलधारला नेईन.

तुमचं कार्ड मात्र इथं टेबलाच्या काचेखाली सरकवलंय. सासूबाई बघतील तर तोंडाला पदर लावतील, गफूरभाई बघतील तर मान फिरवतील. पातळ कागद आहे, मीच सांगून घेतलेला, नुसतं नख लागलं तरी फाटेल. मी फाडणार नाही. माणूस अडकून राहतो म्हणाल, तर राहा. तुमची पाळी आहे बोलायची, अप्पा, आणि मी कुठं जात नाही, दुकान बंद करायला अजून वेळ आहे.